निघून गेला, ठिकाण माहीत नाही

ग्लिन मला पहिल्यांदा भेटला तो सुपरमार्केटबाहेरच्या रांगेत, आणि भेटल्या भेटल्या त्याने मला दोन पावलं मागे सरकवलं. हाताने नव्हे, ते दिवस कुणी कुणाला हात लावण्याचे नव्हते. त्याने फक्त मागे वळून पाहिलं, तळहात हवेत दाबल्यासारखा केला आणि म्हणाला, "दोन पावलं मागे. आता थोडं डावीकडे. बस्स." मी निमूटपणे सरकले. माझ्यामागच्या आजीबाई सरकल्या. त्यांच्यामागचा डच गृहस्थ चेहऱ्यावरून जन्मात कुणाचं ऐकणाऱ्यातला दिसत नव्हता, तोही सरकला. पाच मिनिटांत हूफडॉर्पच्या त्या पार्किंगमध्ये दीड-दीड मीटर अंतराची अशी सरळ रांग उभी राहिली की आमच्या शाळेतल्या पीटीच्या बाईंनी डोळे पुसले असते.

हा कोण टिकोजीराव, असं मनात म्हणत मी पिशव्या घेऊन घरी निघाले, तर हा माझ्या पुढे. मी डावीकडे वळले, हाही डावीकडेच वळलेला. शेवटी तो आमच्या शेजारच्या घरात शिरला. सहा महिने आम्ही भिंतीला भिंत लावून राहत होतो आणि मला पत्ता नव्हता. नेदरलँड्समध्ये याचं कुणाला नवल वाटत नाही, पण मी कोथरूडची आहे, मला लाज वाटली. त्याच संध्याकाळी मी कुंपणावरून थालीपिठाची ताटली पुढे केली.

वय पस्तीस, डोकं तुळतुळीत, दाढी तांबूस, नाक दोनदा मोडून आपल्या मनाप्रमाणे जुळलेलं. व्यावसायिक फुटबॉल खेळतो, म्हणाला. बचावपटू. मला फुटबॉलमधलं कळतं ते एवढंच, की माझा नवरा समीर त्या वेळी हाकेला ओ देत नाही. म्हणून कुणीही विचारेल तेच मी विचारलं, "किती गोल केलेस आतापर्यंत?"

"तीन," तो थालीपीठ मोडत म्हणाला. "त्यातला एक आमच्याच जाळ्यात."

"सतरा वर्षांत?"

"सतरा वर्षांत."

"मग तुझं काम नक्की काय असतं?"

"काही घडू न देणं."

हे ऐकून मी कुंपणाला टेकले. मी अ‍ॅमस्टरडॅम झुइडासमधल्या एका बँकेत प्रॉडक्शन सपोर्टला आहे. म्हणजे चालू असलेली सॉफ्टवेअरं बंद पडू न देणं. सगळं सुरळीत असलं की मी आहे हेच कुणाला ठाऊक नसतं. दहा मिनिटं काही अडलं की अख्ख्या मजल्याला माझं नाव आठवतं. हे मला स्वतःच्या सासरी अकरा वर्षांत समजावता आलं नव्हतं. ग्लिनला मी दोन वाक्यांत सांगितलं आणि त्याने मान डोलावली. "म्हणजे तूही सेंटर बॅकच आहेस," तो म्हणाला. त्या दिवसापासून आमची दोस्ती जमली ती जमलीच.

त्याची कारकीर्द मी तुकड्यातुकड्यांनी ऐकली, कारण सलग सांगण्याची त्याला सवय नव्हती. उत्तर वेल्समधल्या, पाटीच्या दगडाच्या खाणी असलेल्या एका गावात जन्म. सोळाव्या वर्षी एका इंग्लिश क्लबने उचललं, अठराव्या वर्षी सोडलं. पुढे सगळे खालच्या विभागातले क्लब. कुठे दोन वर्षं, कुठे आठ महिने. एकदा वेल्सच्या राष्ट्रीय संघातून बोलावणं आलं आणि हा नव्वद मिनिटं बाकावर बसून परत आला. ती जराही न मळलेली जर्सी त्याच्या आईने तरीही धुतली, इस्त्री केली आणि काचेच्या चौकटीत घालून भिंतीवर लावली. "प्रवासाचा वास लागला होता," असं तिचं म्हणणं. मग सहा महिन्यांसाठी म्हणून तो एका डच क्लबात आला, मराइकाच्या प्रेमात पडला, लग्न केलं, आणि त्या सहा महिन्यांची आठ वर्षं झाली. लग्न पाच वर्षांत मोडलं. मुलगी निया राहिली. ती हार्लेममध्ये आईकडे असायची आणि बुधवारी दुपारी व शनिवारी दिवसभर बापाकडे.

निया सात वर्षांची, आमची ईरा नऊची. ग्लिन नियाशी वेल्श बोलायचा, ती डचमध्ये उत्तर द्यायची. मी ईराशी मराठी बोलायचे, तीही डचमध्ये उत्तर द्यायची. मग दोघी एकमेकींशी डचमध्ये आमच्याबद्दल काहीतरी बोलून हसायच्या. आम्ही दोघं कुंपणाच्या दोन बाजूंना मख्ख चेहऱ्याने उभे. "आपण दोघं पाहुण्या संघातले," ग्लिन म्हणायचा.

त्याची काही वाक्यं आमच्या घरात कायमची शिरली. त्यातलं पहिलं म्हणजे, "चेंडूकडे सगळेच बघतात. तू माणसाकडे बघ." हे त्याने मला फुटबॉलसाठी सांगितलं नव्हतं. एका नव्या सिस्टमच्या मीटिंगआधी मी घरात येरझारा घालत होते, तेव्हा कुंपणावरून सांगितलं. "स्लाईडकडे बघू नको. गप्प कोण बसलंय ते बघ." मी बघितलं. कंत्राटदार कंपनीचा एक माणूस तासभर गप्प होता. त्याला थेट विचारलं, तर कळलं की चाचणी पूर्ण झालेलीच नाही. बँकेतला मोठा गोंधळ टळला, अर्थात ते कुणाच्या लक्षात आलं नाही. ग्लिनला सांगितलं तर तो एवढा खूश झाला की जणू त्यानेच चेंडू अडवला होता.

सरकारने त्या वर्षीचा मोसम अर्ध्यावर गुंडाळला तेव्हा ग्लिनला सराव करायला कुणी उरलं नाही. मग त्याने आमच्या घरामागच्या हिरवळीवर आम्हा चौघांची बचावफळी उभी केली: समीर, मी, ईरा, निया. चौघांनी एका रेषेत पुढे जायचं, एका रेषेत मागे यायचं, चेंडू नाहीच. स्खिपोल विमानतळावरची विमानं जवळजवळ बंद होती, त्यामुळे त्याचा आवाज पार कालव्यापलीकडे जायचा. समीर दर वेळी दोन पावलं मागे राहायचा. "समीर, तू जेवायला आलायस का?" ग्लिन ओरडायचा. समीर एरवी आठ जणांची टीम सांभाळतो. तिथे मात्र कान पाडून रेषेत यायचा. तासभर हे झालं की ग्लिन घड्याळ बघायचा आणि म्हणायचा, "आज काही घडलं नाही. छान दिवस गेला."

जूनअखेर त्याचा क्लबशी असलेला करार संपला आणि क्लबने तो पुढे वाढवला नाही. पस्तिशीतला बचावपटू, गुडघ्यावर दोन शस्त्रक्रिया, त्यात महामारी.  ग्लिन सकाळी सहा किलोमीटर धावायचा ते नऊ करायला लागला.

सप्टेंबरात एका बुधवारी तो कुंपणापाशी आला तो हातात एक पत्र घेऊन. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडलं होतं, आणि इथे राहणाऱ्या ब्रिटिशांना आता राहण्याचा परवाना काढावा लागणार होता. ग्लिनने अर्ज केला होता. उत्तरात इमिग्रेशन खात्याने विचारलं होतं की मधले चौदा महिने आपण कुठे होता, त्याचा पुरावा द्यावा.

"का? कुठे होतास?" मी विचारलं.

"इथेच. कुठे जाणार?"

चूक त्याचीच होती. लग्न मोडल्यावर तो घर सोडून मित्रांच्या सोफ्यांवर आणि क्लबच्या एका खोलीत राहिला. इथे घर बदललं की खेमेंतेला, म्हणजे नगरपालिकेला, नवा पत्ता कळवावा लागतो. हे त्याला कुणी सांगितलं नाही असं नाही, त्याने ऐकलं नाही. मराइकाने रीतसर कळवलं की तो आता इथे राहत नाही. नव्या पत्त्याचा पत्ता नाही, म्हणून नोंदवहीत त्याच्या नावापुढे शिक्का बसला: निघून गेला, ठिकाण माहीत नाही. हूफडॉर्पला आल्यावर त्याने परत नाव नोंदवलं, पण मधलं भगदाड तसंच राहिलं.

त्याने ते वाक्य मला डचमधून वाचून दाखवलं आणि म्हणाला, "वैशाली, मी आयुष्यात कधी जागा सोडली नाही. प्रशिक्षकांच्या शिव्या खाल्ल्या पण जागा सोडली नाही." मला हसू येत होतं ते मी आवरलं, कारण त्याचा चेहरा पाहिला. परवाना नाही मिळाला तर त्याला वेल्सला परत जावं लागणार होतं. बुधवार-शनिवार वेल्समधून जमत नाहीत.

वेल्सला जाण्याची सोयही नेमकी त्याच आठवड्यात झाली होती. गावापासून वीस मिनिटांवरच्या क्लबने त्याला दोन वर्षांचा करार देऊ केला होता. एक वर्ष खेळायचं, मग प्रशिक्षक. लहानपणी आईचा हात धरून तो जे मैदान बघायला जायचा, तेच. आई आता चालत नाही, पण त्या मैदानापर्यंत तिला गाडीने नेता आलं असतं. हे सांगताना तो माझ्याकडे न बघता कुंपणाची पानं खुडत होता.

आता सांगते, परवाना हा विषय निघाला की आम्हा पुणे-मुंबईच्या आयटीवाल्यांच्या अंगात वारं शिरतं. फुटबॉलमध्ये आम्ही ढ असू, पण कागदपत्रांत आम्ही जन्मतःच पहिल्या विभागात खेळतो. आमच्याकडे प्रत्येक व्हिसाची, प्रत्येक भाडेकराराची, जन्मदाखल्याच्या शिक्क्यावरच्या शिक्क्याची फाईल आहे, तिच्या तीन प्रती आहेत आणि एक प्रत समीरच्या आईकडे डोंबिवलीला आहे. समीर चष्मा लावूनच बाहेर आला.

"कॉन्ट्रॅक्ट आहे?" त्याने विचारलं.

"आहे."

"कॉन्ट्रॅक्ट म्हणजे कामाचा पुरावा. फिजिकली इथे होतास याचा काय? तुझं नाव छापून आलं असेल ना पेपरात?"

ग्लिन हसला. पेपरात गोल करणाऱ्यांची नावं येतात. संघाच्या यादीत नुसतं आडनाव, आणि ते आडनाव वेल्समध्ये आपल्याकडच्या पाटलांसारखं. त्या वर्षी त्याच लीगमध्ये असे तिघे होते. "मी चांगला खेळलो तर मी तिथे होतो असं कुणी लिहीत नाही," तो म्हणाला.

"कधीच कुणी काही लिहिलं नाही?" मी विचारलं.

त्याने जरा विचार केला आणि घरातून बुटांचं एक जुनं खोकं आणलं. त्यात पत्रं होती. खेळाडूला पिवळं कार्ड दाखवलं की फुटबॉल संघटना त्याला पत्र पाठवते: पूर्ण नाव, जन्मतारीख, सामन्याची तारीख, गाव, मिनिट आणि गुन्हा. ग्लिनने एकही टाकलं नव्हतं. बाकी लग्नाचा दाखलासुद्धा त्याला सापडत नव्हता, पण कार्डांची पत्रं सगळी जपलेली. का, म्हणून विचारलं तर म्हणाला, "बाकीचं आई जपते. हे तिला पाठवता येत नाही."

पुढचे तीन रविवार आमच्या जेवणाच्या टेबलावर गुन्हेगारीचा इतिहास पसरला होता. समीरने एक्सेल केलं. जर्सी ओढणे, सदतिसावं मिनिट. पंचाशी हुज्जत, एकसष्टावं मिनिट. मुद्दाम वेळ काढणे, नव्वदावं मिनिट. "हे अन्यायाचं होतं," ग्लिन मधेच म्हणायचा, आणि आम्ही सांगायचो, "गप्प बस, तारीख महत्त्वाची." चौदा महिन्यांत अकरा पिवळी आणि एक लाल. त्याच्या प्रत्येक अपराधाला मी इतक्या आनंदाने छिद्रं पाडून फाईलला लावलं, की ईरा म्हणाली, ग्लिन अंकल अजून वाईट वागले असते तर बरं झालं असतं.

आणि तिचं खरं निघालं. सप्टेंबर ते डिसेंबर, सलग चार महिने, एकही पत्र नाही.

"दुखापत?" समीरने विचारलं.

"नाही. सगळे सामने खेळलो." ग्लिन खोक्याच्या तळाकडे बघत होता. "तेच माझे सगळ्यांत चांगले चार महिने. मला कुणाला अडवावंच लागलं नाही. ते यायच्या आधीच मी तिथे असायचो."

त्या चार महिन्यांत त्याला पाहिलेलं, ओळखणारं आणि खात्याने विश्वास ठेवावा असं एकच माणूस होतं, ती म्हणजे मराइका. नियाचे पोहण्याचे वर्ग तेव्हा चालू होते आणि तो बुधवारी तिथे जायचा. मी म्हटलं, "तिच्याकडून एक पत्र घे." तो ताठ झाला. "नाही. मी तिच्याकडून पुष्कळ घेतलंय. उरलेलं मोडून आलो. आता हे मागणार नाही." मी पुन्हा म्हटलं. तो घरात गेला आणि दार लावून घेतलं.

मी गप्प बसायला हवं होतं. पण आमच्यात माणूस अडचणीत असला की त्याला न विचारता मदत करण्याची पद्धत आहे, आणि ती पुष्कळदा अंगाशी येते. शनिवारी संध्याकाळी मराइका नियाला न्यायला आली तेव्हा मी कचऱ्याची पिशवी घेऊन बाहेर पडले. पिशवीत काहीही नव्हतं. दीड मीटरवरून मी तिला सगळं सांगितलं. उंच, सरळ, थकलेली बाई. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"त्याने तुम्हाला सांगायला सांगितलं?" तिने विचारलं.

"नाही. त्याला कळलं तर तो माझ्याशी बोलायचा नाही."

"तो गेला तर माझा शनिवार मोकळा राहणार नाही," ती म्हणाली. मग गाडीत बसलेल्या नियाकडे बघून म्हणाली, "हे मी विनोदाने म्हटलं." आणि निघून गेली.

पाच दिवसांनी आमच्या पत्रपेटीत लिफाफा पडला. आत डचमध्ये टाईप केलेलं एक पान, खाली सही, सोबत तिच्या ओळखपत्राची प्रत. माझं डच म्हणजे दुकानापुरतं, पण ते पत्र मला शब्दकोशाशिवाय कळलं. तिने लिहिलं होतं: या चार महिन्यांत ग्लिन दर बुधवारी तीन वाजता पोहण्याच्या तलावावर काचेमागे उभा असायचा आणि दर शनिवारी सकाळी नऊ वाजता माझ्या दारात. तो एकदाही चुकला नाही. मी तेव्हा इतकी रागावले होते की तो एकदा तरी चुकावा याची मी वाट पाहत होते. म्हणून मला हे नक्की आठवतं.

मी ते पत्र ग्लिनकडे घेऊन गेले आणि माझा आगाऊपणा कबूल केला. तो रागावला नाही. उभ्या उभ्या त्याने पत्र दोनदा वाचलं, मग पायरीवर बसला.  शेवटी एवढंच म्हणाला, "ती बघत होती हे मला माहीत नव्हतं." मी त्याला तिथेच सोडून घरी आले, कारण काही वेळा शेजाऱ्यानेही घरी जावं.

एकशे बारा पानांची फाईल गेली. थंडी सरली, संचारबंदी आली, लशीचे मेसेज आले. एप्रिलमध्ये खात्यातल्या बाईंचा ग्लिनला फोन आला. परवाना मंजूर झाला होता. जाता जाता त्या म्हणाल्या की करार आणि शेवटचं पत्र एवढी दोन पानं पुरली असती, बाकी कार्डांची पत्रं त्यांनी घरी नेऊन फुटबॉलवेड्या भावाला वाचायला दिली नाहीत ती केवळ नियम आडवे आले म्हणून. समीरच्या जिव्हारी लागलं. "पण एक्सेल बघितलं का त्यांनी?" तो दोन दिवस विचारत होता.

ग्लिन पुन्हा कुठल्या संघाकडून खेळला नाही. हार्लेमजवळच्या एका क्लबात लहान मुलींना शिकवायचं काम त्याला मिळालं, आणि नियाच्या शाळेजवळ एक फ्लॅट. ऑगस्टमध्ये तो सामान हलवत होता तेव्हा मी मदतीला गेले. म्हणजे चहा घेऊन गेले आणि खोक्यांवर बसले. गप्पांच्या ओघात मी म्हटलं, "बघ, परवाना नाकारला असता तरी तू काही रस्त्यावर आला नसतास. वेल्सचा करार होताच हाताशी."

"नव्हता," तो खोक्याला चिकटपट्टी लावत म्हणाला. "मी त्यांना नाही म्हणून कळवलं होतं."

"कधी?"

"तू फाईलला छिद्रं पाडत होतीस तेव्हा. पहिल्याच रविवारी."

मला आधी समजलंच नाही. मग समजलं आणि मी भडकले. तेव्हा मराइकाचं पत्र नव्हतं, चार महिन्यांचं भगदाड भरलेलं नव्हतं, काहीच नव्हतं. खात्याने नाही म्हटलं असतं तर इथे राहता येणार नाही आणि तिथे काम नाही, असा तो मधल्या मधे लटकला असता. मी त्याला नाही नाही ते बोलले. मूर्ख म्हणाले, बेजबाबदार म्हणाले. तुझ्या आईचा तरी विचार करायचास, असंही म्हणाले आणि म्हणता क्षणी मला वाईट वाटलं.

"आईलाच आधी विचारलं," तो म्हणाला. "ती म्हणाली, मैदान कुठे पळून चाललंय."

"पण उत्तर येईपर्यंत थांबायचं तरी."

त्याने चिकटपट्टी खाली ठेवली. "वैशाली, निया मोठी होईल. एक दिवस विचारेल, बाबा, तू इथे का राहिलास. मी तिला काय सांगू? परवानगी मिळाली म्हणून?"

मला रडू आलं. त्याने घाबरून स्वयंपाकघरातला कागदी टॉवेलचा अख्खा रोल माझ्या हातात दिला आणि दोन पावलं मागे जाऊन उभा राहिला. नंतर आम्ही दोघांनी मिळून सोफा व्हॅनमध्ये चढवला. तो गेला. आता महिन्यातून एकदा फोन येतो. मुली अजून रेषेत राहत नाहीत अशी त्याची तक्रार असते.

तो गेला त्या रात्री जेवताना ईराने मला विचारलं, की आई, आपण इथे का राहतो, असं काही झालं नाही. ती तसं कधी विचारत नाही. पण विचारेल, एक दिवस सगळीच मुलं विचारतात. आमच्या कपाटात अकरा वर्षांचे कागद आहेत, सगळे तारखेप्रमाणे लावलेले, तीन प्रतींत. त्यातला एकही तेव्हा तिला उत्तर म्हणून दाखवण्यासारखा नाही.